आतल्या नेटवर्कचं नाव आपल्याच सातबाऱ्यावर हवं

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीत सुटे भाग बनवणारा कारखाना, दुसरं छोटं युनिट साताऱ्याला, दोन्ही मिळून ऐंशी-पंच्याऐंशी कॉम्प्युटर. भोसरीत आजवर सगळं वर्कग्रुपवर, म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटर सुटा ठेवून, भागलं, आता नवीन विंडोज सर्व्हर घेऊन ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे सगळ्या मशीनची आणि लॉगिनची एकच नोंदवही, बसवायची आहे. सर्व्हर विकणारा म्हणतो, डोमेनला, म्हणजे या आतल्या नेटवर्कला, 'कंपनी.लोकल' नाव द्या, सगळे तेच देतात. भाच्याने वाचलंय की '.इंटर्नल' हेच आता अधिकृत आहे. वेबसाइट सांभाळणारा मुलगा म्हणतो, वेबसाइटचं नाव आहेच की, तेच आतही वापरा. शिवाय साताऱ्याच्या जुन्या सर्व्हरचं नाव आधीच '.लोकल' आहे, त्याचं काय करायचं?

माझं उत्तर: वेबसाइटवाला मुलगा बरोबर रस्त्यावर आहे, फक्त एक वळण चुकलाय. तुमचं वेबसाइटसाठी पैसे भरून घेतलेलं डोमेन 'आमचीकंपनी.इन' आहे असं धरू. आतल्या नेटवर्कला त्याच्या पोटातलं एक नाव द्या, म्हणजे 'एडी.आमचीकंपनी.इन'. वेबसाइटचं नाव जसंच्या तसं नको, '.लोकल' तर नकोच नको, आणि '.इंटर्नल' चालेल पण तुमच्या कामाचं नाही. (इथे नावं देवनागरीत लिहितोय, टाइप करायची ती रोमनमध्येच.)

घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण सर्व्हर विकणारा उद्या परत येऊन तेच सांगणार आहे, म्हणून कारणंही हाताशी असू द्या.

आधी '.लोकल'. ही सवय आमच्याच पिढीने लावली. मायक्रोसॉफ्टचं स्मॉल बिझनेस सर्व्हर नावाचं पॅकेज होतं, छोट्या कंपन्यांत ते सर्रास असायचं. २००३ ची आवृत्ती बसवताना विझार्ड स्वतःच '.लोकल' सुचवायचा, २००८ आणि २०११ मध्येही तेच. आम्ही नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करून पुढच्या कामाला लागायचो. तेव्हा त्यात फारसं वावगंही नव्हतं, कारण ते टोक (नावातल्या शेवटच्या टिंबानंतरचा भाग) कोणाचंच नव्हतं. दरम्यान ॲपलने २००२ मध्ये आपलं एक तंत्र आणलं, तेच पुढे बाँजूर नावाने ओळखलं जाऊ लागलं. त्यात प्रिंटर, स्पीकर, शेजारचा लॅपटॉप आपापलं नाव '.लोकल' लावून सांगतात, मध्ये सर्व्हर लागतच नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये हे आरएफसी ६७६२ या इंटरनेटच्या मानकात आलं आणि '.लोकल' त्या कामासाठी राखून ठेवलं गेलं.

दोन्हींतला फरक असा. साधं डीएनएस म्हणजे तलाठ्याकडे जाऊन नोंद बघणं: नाव सांगितलं, पत्ता मिळाला. ॲपलचं ते तंत्र, मल्टिकास्ट डीएनएस, म्हणजे चावडीवर उभं राहून 'अमका कोण रे?' अशी हाळी देणं. ही हाळी २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर जाते आणि ज्याचं नाव आहे त्याने 'मी इथे' म्हणायचं असतं. आता तुमच्या सर्व्हरची नोंद तलाठ्याकडे आहे आणि मशीन चावडीवर ओरडतंय, तर उत्तर कुठून येणार?

मला हे कळलं ते २०१३ च्या आसपास, एका डिझाइनच्या ऑफिसात. सगळी मशीनं विंडोज, डोमेन '.लोकल', सहा वर्षं कुरकूर नाही. मग त्यांनी दोन मॅक आणि एक उबुंटूचं मशीन घेतलं. मॅकवर लॉगिन केलं की चहा आणून येईपर्यंत डेस्कटॉप उघडायचा नाही. उबुंटूवर फाइल सर्व्हरच सापडेना. मी 'एनएसलुकअप' मारलं, पत्ता अगदी बरोबर आला. त्याच खिडकीत, त्याच नावाला 'पिंग' मारलं, तर 'अननोन होस्ट'. पुन्हा एनएसलुकअप, पुन्हा बरोबर. पुन्हा पिंग, पुन्हा नन्नाचा पाढा. मी केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, फायरवॉलवर संशय घेऊन तासभर तिचे नियम वाचत बसलो. शेवटी नावं कुठल्या क्रमाने शोधायची ते सांगणारी 'एनएसस्विच.कॉन्फ' ही फाइल उघडली. 'होस्ट्स'च्या ओळीत डीएनएसच्या आधी मल्टिकास्टचा शब्द होता आणि त्याच्या पुढे चौकटी कंसात सूचना होती: सापडलं नाही तर इथूनच परत फिर. एनएसलुकअप ही फाइल बघत नाही, ते सरळ डीएनएस सर्व्हरला विचारतं. पिंग मात्र फाइलीतल्या क्रमाने जातं. '.लोकल' दिसलं की हाळी, उत्तर नाही, विषय संपला. तलाठ्यापर्यंत जायचंच नाही.

ती ओळ बदलली की त्या मशीनपुरतं काम होतं. मग नवं मशीन येतं, नाहीतर अपग्रेड होऊन ओळ पूर्ववत होते. आताच्या लिनक्स आवृत्त्या याबाबतीत बऱ्यापैकी समजूतदार झाल्या आहेत हे खरं. पण आता विंडोज १० पासून विंडोजही मल्टिकास्ट डीएनएस बोलतं, आणि शॉप फ्लोअरवरचे टॅबलेट, हजेरीचं मशीन, कॅमेरे यांच्या पोटात कुठलं सॉफ्टवेअर आहे ते तुम्हाला दिसतही नाही. जे टोक मानकाने दुसऱ्या कामाला दिलंय त्यावर आपण घर बांधलं, तर तक्रार कोणाकडे करणार?

(कुबरनेटीस, म्हणजे अनेक सर्व्हरवर मिळून सॉफ्टवेअर चालवायचं साधन, वापरणारे लगेच म्हणतील, आमच्यात 'क्लस्टर.लोकल' असतं, कधी त्रास नाही. नसणारच. ते नाव क्लस्टरच्या चार भिंतींच्या आत राहतं, तिथे प्रिंटर येऊन हाळी देत नाही.)

दुसरा प्रकार म्हणजे मनाने टोक ठरवणं: '.कॉर्प', '.ऑफिस', '.लॅन', कंपनीचं आडनाव, काहीही. गंमत म्हणजे याला खतपाणी त्याच आरएफसी ६७६२ ने घातलं. तिच्या एका परिशिष्टात 'लोक अशी अशी टोकं वापरतात' म्हणून '.इंट्रानेट', '.इंटर्नल', '.प्रायव्हेट', '.कॉर्प', '.होम', '.लॅन' यांची यादी आहे. नोंदणी नसलेली टोकं वापरू नका, असं तिथेच स्पष्ट म्हटलंय. लोकांनी यादी तेवढी वाचली.

धोका असा की आज मोकळं दिसणारं टोक उद्या विकलं जातं. इंटरनेटवरची टोकं वाटणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१२ मध्ये नव्या टोकांसाठी अर्ज मागवले, तर १९३० अर्ज आले आणि त्यांतून बाराशेहून अधिक टोकं प्रत्यक्ष इंटरनेटवर आली. '.ऑफिस' मायक्रोसॉफ्टकडे गेलं. '.डेव' गूगलकडे गेलं. प्रोग्रॅमर मंडळी वर्षानुवर्षं आपल्या लॅपटॉपवर '.डेव' लावून कामं करत होती. डिसेंबर २०१७ मध्ये क्रोमची ६३ वी आवृत्ती आली आणि तिने अख्ख्या '.डेव'ला एचटीटीपीएसची, म्हणजे कुलूपबंद जोडणीची, सक्ती केली. काल चालणारी साइट आज उघडेना. कोणी कुणाच्या कोडमध्ये चूक शोधत बसलं होतं, आठवून हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. नव्या टोकांच्या पुढच्या फेरीसाठी आयकॅनने एप्रिल २०२६ ठरवला, म्हणजे यादी अजून वाढणारच.

या टकरींचा अंदाज आयकॅनला होता. त्यामुळे २०१४ पासून नवं टोक सुरू करताना पहिले नव्वद दिवस त्यातल्या नावांना १२७.०.५३.५३ हा मुद्दाम विचित्र पत्ता द्यायची पद्धत ठेवली. ५३ हा डीएनएसचा पोर्ट. लॉगमध्ये हा आकडा दिसला की समजायचं, आपलं मनाचं टोक कोणीतरी खरं करून टाकलंय. '.कॉर्प', '.होम' आणि '.मेल' यांचा गोंधळ तर इतका पसरलेला होता की फेब्रुवारी २०१८ मध्ये आयकॅनने त्या तिन्हींचे अर्ज कायमचे बाजूला ठेवले.

'कॉर्प'चा एक किस्सा तुमच्या विक्रेत्याला जरूर सांगा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या सुरुवातीच्या काळात, विंडोज २००० च्या वेळी, नमुन्यादाखल 'कॉर्प' हा शब्द दिलेला असायचा आणि अनेक कंपन्यांनी तो तसाच ठेवला. ऑफिसात त्याने काही बिघडत नव्हतं. पण लॅपटॉप घरी किंवा हॉटेलात नेला की तो आपला सर्व्हर शोधत बाहेरच्या डीएनएसला विचारायचा आणि पुष्कळदा ती विचारणा 'कॉर्प.कॉम'वर जाऊन धडकायची. ते डोमेन १९९४ पासून एका माणसाच्या नावावर होतं. २०१९ मध्ये अभ्यासकांनी तिथे काय येतंय हे तपासलं, तर पावणेचार लाखांहून जास्त विंडोज मशीनं दारावर येऊन माहिती द्यायला तयार होती, काही तर पासवर्डच्या खुणांसकट. मालकाने २०२० मध्ये ते विकायला काढलं, १७ लाख डॉलर सांगितले, आणि शेवटी ते मायक्रोसॉफ्टनेच घेतलं. चुकीच्या हातात पडलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब तुम्हीच करा. जानेवारी २०२४ मध्ये जर्मनीतही असाच प्रकार झाला: तिथल्या घराघरांत असलेल्या एका राउटरचं सेटिंगचं पान 'फ्रिट्झ.बॉक्स' नावाने उघडायचं, आणि '.बॉक्स' हे टोक विक्रीला आल्यावर ते नाव भलत्यानेच नोंदवलं. राउटरच्या कंपनीचं स्वतःचं नाव, आणि तेच तेव्हा तिच्या हातात नव्हतं.

आता भाच्याचं '.इंटर्नल'. भाचा चुकीचं सांगत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ते खासगी वापरासाठी सुचवलं गेलं आणि २९ जुलै २०२४ ला आयकॅनच्या मंडळाने ठराव केला की हे टोक कधीच कोणाला दिलं जाणार नाही. त्यामुळे 'डेव'सारखा घात इथे होणार नाही. मनाचं टोक वापरायचंच असेल तर हेच वापरा, माझा काही विरोध नाही.

पण '.इंटर्नल' म्हणजे गायरान. ते कोणी विकत घेऊ शकत नाही, हा फायदा. ते तुमचंही होत नाही, हा तोटा. आणि गायरानावर बँक कर्ज देत नाही. इथे कर्जाच्या जागी सर्टिफिकेट, म्हणजे हे पान खरंच त्या नावाचं आहे हे ब्राउझरला पटवणारा दाखला. ब्राउझरला मान्य असणारी सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थांनी आतल्या नावांना सर्टिफिकेट देणं कधीच थांबवलंय: १ नोव्हेंबर २०१५ नंतर मुदत संपणारं द्यायचं नाही आणि उरलेली १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करायची, असा नियमच झाला. म्हणजे '.इंटर्नल'वर तुम्ही ईआरपी (कारखान्याचा साठा-हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालवलं की एकतर स्वतःची सर्टिफिकेट यंत्रणा उभी करून प्रत्येक मशीनवर, प्रत्येक मोबाइलवर तिचं मूळ सर्टिफिकेट बसवा, नाहीतर लोकांना 'हे पान असुरक्षित आहे' या इशाऱ्यावर डोळे मिटून 'पुढे जा' दाबायची सवय लावा. दुसरी सवय एकदा लागली की खऱ्या फसव्या पानावरही तेच बोट तसंच दाबतं.

आणखी एक. तुम्ही 'कॉर्प.इंटर्नल' ठेवलं, उद्या ज्या कंपनीशी भागीदारी केलीत तिनेही तेच ठेवलंय, आणि दोघांना व्हीपीएनने जोडायचंय. दोन गावांत एकच गट नंबर असावा तसं. क्लाउडवरही सांभाळून राहावं लागतं, कारण ॲमेझॉन आणि गूगल दोघंही आपल्या मशीनच्या आतल्या नावांना पूर्वीपासून '.इंटर्नल' लावतात. शिवाय इंटरनेटचं मूळ डीएनएस सहीबंद आहे आणि ते सही करून सांगतं की '.इंटर्नल' अस्तित्वात नाही. तुमच्या डीएनएस सर्व्हरवर डीएनएससेकची, म्हणजे या सह्यांची, तपासणी चालू असेल तर या टोकाला अपवाद लिहून द्यावा लागतो, नाहीतर तो तुमचंच उत्तर खोटं ठरवतो.

घरच्या नेटवर्कसाठी मात्र एक नाव खास करून ठेवलंय: 'होम.आर्पा', मे २०१८ ची आरएफसी ८३७५. त्यात सहीची ही भानगडही आधीच सोडवून ठेवली आहे. नाव दिसायला ओबडधोबड आहे, पण तुमच्या घरच्या हार्ड डिस्कच्या डब्याला ते पुरतं. कारखान्याला नको.

आता वेबसाइटवाल्या मुलाचं वळण कुठे चुकलं ते बघू. आतल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीला थेट 'आमचीकंपनी.इन' हेच नाव दिलं तर काय होतं? ॲक्टिव्ह डिरेक्टरीत डोमेनचं उघडं नाव, म्हणजे पुढे काही न लावलेलं, हे डोमेन कंट्रोलरचंच, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचंच, असतं. कंट्रोलर स्वतःचा पत्ता तिथे आपोआप नोंदवतो, कारण लॉगिन स्क्रिप्ट आणि ग्रुप पॉलिसीच्या फाइली (लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या आज्ञा आणि मशीनचे नियम) मशीनं त्याच नावावरून उचलतात. म्हणजे ऑफिसात बसून कोणी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' न लावता वेबसाइटचं नाव टाकलं की तो वेबसाइटवर जातच नाही, सर्व्हर रूममधल्या कंट्रोलरवर जातो.

एका कंपनीत हे मी स्वतः करून बसलोय. मालक परदेशी गिऱ्हाइकाला प्रोजेक्टरवर वेबसाइट दाखवायला गेले आणि पडद्यावर विंडोजच्या आयआयएस या वेब सर्व्हरचं निळं स्वागताचं पान आलं. मोबाइलवर वायफाय बंद करून बघितलं तर साइट व्यवस्थित. "अहो, जगाला दिसते, मलाच कशी दिसत नाही?" या प्रश्नाला मीटिंगच्या मधोमध काय उत्तर देणार? मी घाईघाईत आतल्या डीएनएसमध्ये उघड्या नावाला वेबसाइटचा पत्ता जोडला. साइट दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब विभागातल्या निम्म्या मशीनवर मॅप केलेले ड्राइव्ह गायब, कारण ती मशीनं लॉगिन स्क्रिप्ट आणायला थेट वेबसाइटच्या होस्टिंगवर जात होती.

हे टाळलं तरी दुहेरी खतावणी काही सुटत नाही. बाहेरच्या डीएनएसमध्ये जे जे आहे, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू', 'मेल', गिऱ्हाइकांचं पोर्टल, ते सगळं आतल्या डीएनएसमध्ये हाताने पुन्हा लिहायचं आणि बाहेर बदल झाला की आतही आठवणीने बदलायचं. होस्टिंग बदललं, बाहेरची नोंद बदलली, आतली राहिली, आणि ऑफिसला आठवडाभर जुनीच साइट दिसत राहिली, हे प्रकरण नेटवर्कवाल्यांच्या प्रत्येक गप्पांत निघतंच.

'एडी.आमचीकंपनी.इन' घेतलं की हे सगळं आपोआप मिटतं. आतला डीएनएस सर्व्हर फक्त 'एडी' च्या खालच्या नावांचा मालक. बाकी सगळं, अगदी 'आमचीकंपनी.इन' सुद्धा, तो जगाप्रमाणे बाहेर विचारून घेतो. बाहेरच्या डीएनएसमध्ये 'एडी'ची नोंद करायची गरज नाही. एखादा लॅपटॉप घरून 'एडी'तलं नाव विचारत बाहेर गेला, तरी प्रश्न शेवटी तुमच्याच डोमेनच्या दारात येतो, 'नाही' असं उत्तर मिळतं आणि तिथेच थांबतो. मायक्रोसॉफ्टचाही सल्ला हाच आहे, हे विक्रेत्याला सांगा, त्याला मायक्रोसॉफ्टचं नाव घेतलं की पटेल.

'एडी' ऐवजी 'कॉर्प', 'इंट' काहीही चालतं. छोटं ठेवा, रोज टाइप करायचंय. फक्त एक जागा सांभाळा. नाव दिल्यावर पुढे एका पानावर विझार्ड नेटबायॉसचं, म्हणजे जुन्या पद्धतीचं छोटं, नाव सुचवतो, आणि ते पहिल्या तुकड्यावरून उचलतो. म्हणजे लॉगिनच्या चौकटीत सगळ्यांना 'एडी' आणि मग आपलं नाव असं दिसणार. तिथे थांबा, खोडा, कंपनीचं छोटं नाव लिहा, पंधरा अक्षरांच्या आत. हे पुढे सहजासहजी बदलत नाही, आणि नव्वद टक्के लोक त्या पानावर नेक्स्ट दाबून मोकळे होतात.

सर्टिफिकेटचं आता सोपं झालंय. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, आणि तुमचा टॅलीचा किंवा ईआरपीचा सर्व्हर इंटरनेटवर उघडा करायची गरज नाही. डोमेन तुमचं आहे हे दाखवायला बाहेरच्या डीएनएसमध्ये एक तात्पुरती टेक्स्ट नोंद टाकायची, बस. यात दोन खाचा आहेत. ज्या सॉफ्टवेअरने सर्टिफिकेट मागवाल ते नोंद पोचली का हे तपासताना बरेचदा आतल्या डीएनएसला विचारतं, आतला सर्व्हर 'एडी'चा मालक असल्यामुळे 'नाही' म्हणतो आणि तुम्ही डोकं धरून बसता. त्याला तपासणीपुरता बाहेरचा डीएनएस सर्व्हर नेमून द्या. दुसरी खाच: दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवह्यांत जातं, कोणीही शोधून बघू शकतं. तुमच्या मशीनचं नाव 'पगार-जुना-सर्व्हर' असेल तर ते जगाला कळेल. तारांकित म्हणजे वाइल्डकार्ड सर्टिफिकेट घ्या, मग फक्त 'एडी' तेवढं दिसेल.

या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे, तो तुम्ही विचारला नाहीत, म्हणून मीच विचारतो: 'आमचीकंपनी.इन' कोणाच्या नावावर आहे? मी आजवर ज्या लहान कारखान्यांत गेलो, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी उत्तर 'आमच्याच की' असं आलं आणि रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, खात्यात बघितलं तर नाव, मोबाइल, ईमेल सगळं वेबसाइट बनवणाऱ्याचं निघालं. तो माणूस वाईट असतो असं नाही, त्याने सोयीसाठी आपल्या खात्यातून घेतलेलं असतं. पण तो धंदा बंद करतो, गावी जातो, मोबाइल बदलतो, आणि नूतनीकरणाची आठवण कोणालाच पोचत नाही. वेबसाइट गेली तर चार दिवस बोंब होते. त्याच नावावर अख्खं आतलं नेटवर्क उभं असेल आणि ते नाव तिसऱ्याने नोंदवलं, तर कॉर्प.कॉमचा किस्सा तुमच्या घरी.

एका ठिकाणी याहून वेगळं घडलं. दोन भावांची कंपनी, वाटण्या झाल्या. जमीन, मशिनरी, गिऱ्हाइकं, सगळ्याची लेखी वाटणी झाली. डोमेन कोणाला, हे कोणी लिहिलंच नाही. ते धाकट्याच्या ईमेलवर होतं, तो दुसऱ्या गाळ्यात गेला, आणि थोरल्याच्या कारखान्यातलं प्रत्येक मशीन धाकट्याच्या मालकीच्या नावाने हजेरी देत राहिलं. प्रत्यक्ष बिघाड काही झाला नाही, पण दोघांचे वकील या मुद्द्यावर बोलत असताना मला मधे बसवलं होतं, आणि 'डोमेन म्हणजे नेमकं काय' हे दोन्ही वकिलांना समजावण्यात दुपार गेली.

तेव्हा सर्व्हरची ऑर्डर देण्याआधी डोमेन कंपनीच्या नावावर करून घ्या. ईमेल एखाद्या माणसाचा नाही, कंपनीचा द्या, आणि तो त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर डोमेन बंद पडलं की आठवणीचा ईमेलही बंद. पाच-दहा वर्षांचे पैसे एकदम भरा. '.इन'चा वर्षाचा खर्च एका माणसाच्या ऑफिसातल्या महिन्याच्या चहापेक्षा जास्त नाही. कंपनीचं नाव किंवा ब्रँड बदलण्याची शक्यता असेल तर आतल्या कामासाठी वेगळंच एक रुक्ष डोमेन घेऊन ठेवा, ज्यात ब्रँडचा मागमूस नाही. मी हल्ली बहुतेक ठिकाणी हेच करतो.

मशीनच्या नावांबद्दल थोडंच सांगतो. डोमेनमध्ये 'भोसरी' किंवा 'सातारा' घालू नका, युनिट हलतात. दोन ठिकाणांसाठी दोन डोमेनही नकोत, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत 'साइट्स'ची, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणांची, सोय त्यासाठीच आहे. नावात अंडरस्कोर नको, सर्टिफिकेट मिळत नाही. देवनागरीत नाव ठेवावं का, असं एका उत्साही मालकांनी विचारलं होतं. '.भारत' २०१४ पासून आहे, पण डीएनएसच्या पोटात ते 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी अगम्य अक्षरं म्हणूनच जातं, आणि जुनी हजेरी मशीनं पडद्यावर तेच दाखवतात. वेबसाइटला शोभेल, सर्व्हरला नाही.

आणि गडांची नावं. आपल्याकडे हे होतंच, मीही केलंय. फक्त 'रायगड' आणि 'राजगड' एकाच रॅकमध्ये ठेवू नका. रोमनमध्ये एका अक्षराचा फरक, तोही 'आय' आणि 'जे'चा. रात्री दोन वाजता डिस्क बदलायला गेलो तेव्हा मी बंद करायचा तो सोडून बॅकअप चालू असलेला गड बंद केला होता.

राहिला साताऱ्याचा '.लोकल' सर्व्हर. त्याचं नाव बदलायच्या फंदात पडू नका. विंडोज सर्व्हर २००३ पासून डोमेनचं नाव बदलायचं 'रेनडॉम' नावाचं साधन मिळतं, पण त्याच जंगलात ('फॉरेस्ट', म्हणजे एकत्र जोडलेल्या डोमेनचा गट) एक्सचेंज मेल सर्व्हर असला तर ते चालत नाही, आणि नसला तरी प्रत्येक मशीन दोनदा रीस्टार्ट होईपर्यंत तुमचा जीव टांगणीला. तिथे किती मशीनं आहेत, पंधरा? वीस? मग भोसरीचं नवं डोमेन उभं राहू द्या, आठवडाभर चालू द्या, आणि साताऱ्याची मशीनं एका शनिवारी-रविवारी तिकडे जोडून घ्या. तोवर जुन्या सर्व्हरवर एवढंच करा: 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन्स अँड ट्रस्ट्स' उघडा, सगळ्यात वरच्या ओळीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'आमचीकंपनी.इन' हा जास्तीचा यूपीएन सफिक्स (लॉगिनच्या नावातला '@' नंतरचा भाग) घाला आणि लोकांच्या खात्यांना तो लावा. मग ती मंडळी आपल्या ईमेलच्याच नावाने लॉगिन करतील. पुढेमागे मायक्रोसॉफ्ट ३६५ जोडलंत तर खाती तशीच पोचतील, '.लोकल' तिकडे चालत नाही म्हणून भलतंच लांबलचक नाव चिकटणार नाही. साताऱ्यातला प्रिंटर '.लोकल' नावाने सापडत असेल तर त्याला हात लावू नका, ते नाव त्याचंच आहे.